सुवार्ता वेगळी जेवते

रविवार, ८ फेब्रु.
सकाळी उपासनेच्या आधी मंडईत जाऊन आलो. सुवार्ता बऱ्याच दिवसांनी घरी येणार होती. काटेरी वांगी घेतली, तिला आवडतात तशी लहान. भाजीवाली म्हणाली, "पाहुणे का?" म्हटलं, "मुलगी यायचीय." सासरहून, असं तिला वाटलं असेल. मी सुटे मोजून दिले.

दुपारी आली. मंदानं तीन ताटं घेतली. सुवार्तेनं पिशवीतून डबा काढला. "मम्मी, रागवू नकोस. मी आत बसते." आत म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी खाली, भिंतीकडे तोंड करून. ती हल्ली जाते त्या नव्या सभेत, ज्यांचा खरा बाप्तिस्मा झालेला नाही त्यांच्याबरोबर जेवत नाहीत. आमचा धरत नाहीत. तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडलं, त्याला काय अर्थ. कळत्या वयात, पूर्ण बुडून, तेही सभेच्या पुढाऱ्याच्या, त्यांच्या भाऊंच्या हातून.

मंदा म्हणाली, "एकाच प्रभूची आता दोन स्वयंपाकघरं का गं?"

सुवार्तेनं जेवण उरकलं. डबा स्वतः घासला, घेऊन गेली. हडपसरला सभेतल्या मुलींबरोबर खोलीत राहते. वांगी तशीच.

मंगळ., १० फेब्रु.
मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या. शेठ दोनदा ओरडले, लक्ष कुठंय. लक्ष आजोबांकडे.

गावात त्यांना पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. एक दिवस मिशनचे मास्तर आमच्या वस्तीत आले, आजोबांच्या शेजारी मातीत बसले आणि त्यांच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. आजोबा सांगायचे, "शास्त्र मला मागनं कळलं. आधी ती भाकर कळली." त्यावर ते ख्रिस्ती झाले. सगळं घर झालं.

ही गोष्ट सुवार्तेला मीच सांगितलीय. पुन्हा पुन्हा सांग म्हणायची.

रवि., १५ फेब्रु.
उपासनेनंतर पंच कमिटी. विषय : हडपसरची सभा. वाघमारेसर माझ्याकडे न बघता बोलले, "आमच्या तरुण संघातल्या दोन मुली गेल्या तिकडे. कुणाच्या कन्येनं नेल्या ते सांगायला नको. माणसाला घरापासून तोडतो तो पंथ. चर्च नव्हे."

पाळकसाहेबांनी ठराव वाचला. जो तिकडे दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेईल त्याला आपल्याकडे प्रभुभोजन नाही, कमिटीतही जागा नाही. हात वर झाले. माझा झाला नाही.

मी विचारलं, "ते आपल्याबरोबर जेवत नाहीत. आता आपण त्यांना प्रभूच्या मेजाशी बसू देणार नाही. मग फरक काय राहिला?"

वाघमारे : "फरक आहे ना. आपली इमारत दगडी आहे, त्यांचा हॉल भाड्याचा."

दोघे-तिघे हसले. पा. सा. हसले नाहीत. ठराव मंजूर.

सर म्हणतात ते खोटंही नाही. घरापासून तुटलीच आहे.

शुक्र., २० फेब्रु.
अर्धी रजा टाकून हडपसरला. टायरच्या दुकानावर हॉल. सुवार्तेला भेटू दिलं, पण एक ताई शेजारी बसून राहिल्या. उठल्याच नाहीत. पोर वाळलीय. उपास चालू आहेत म्हणे. कशासाठी, तर माझ्यासाठी.

"पप्पा, तुमचं तारण झालेलं नाही. मला झोप लागत नाही."

खरंच रडत होती. सर म्हणतात ब्रेनवॉश. असेल. पण ते पाणी डोळ्यातलंच होतं, आणि माझ्यासाठी होतं.

"तुम्ही पाण्यात उतरा. मग मी तुमच्याबरोबर जेवेन. रोज सुद्धा."

निघताना ते भाऊ भेटले. माझ्याहून बरेच लहान. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. "अंकल, घाई अजिबात नाही. फक्त प्रभू कधी येईल ते आपल्या हातात नाही."

माझा बाप्तिस्मा गावच्या चर्चमध्ये झाला. दादा, म्हणजे माझे वडील, मला घोंगडीत गुंडाळून घेऊन गेले होते. मला काय आठवणार. पण दादांना मरेपर्यंत आठवत होतं.

सोम., २३ फेब्रु.
मंदाला सगळं सांगितलं. कणीक मळता मळता म्हणाली, "मारून या एक बुडी. देव काय, कोरडाही ओळखतो आणि ओलाही."

मग हात थांबला. "पण मला यात ओढू नका. आईनं शेजारणीचा झगा मागून आणून मला बाप्तिस्म्याला नेलं होतं. ते पाणी खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ नाही उचलायची."

"मग माझी उचलेल?"

"तुम्ही बाप आहात. तुमचं तुम्ही बघा."

दोन दिवस शास्त्र उघडतो, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो, मिटतो.

शनि., २८ फेब्रु.
पा. सांच्या घरी गेलो. पाण्यात उतरायचं ठरवलंय, हे दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. त्यांनी चहा पुढे केला.

"कमिटीतून काढावं लागेल तुम्हाला."

"माहीत आहे."

"आणि एवढं करूनही ती नाही आली तर?"

मी कप खाली ठेवला. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली, 'हे प्रभू, या बापाला', आणि पुढे शब्दच सुचेनात त्यांना. मग आमेन म्हणालो.

शनि., ७ मार्च
उतरलो.

हॉलच्या गच्चीवर ताडपत्रीचा हौद. छातीपर्यंत पाणी, क्लोरीनचा वास. आजूबाजूला टाळ्या, गाणी. भाऊंनी माइकवर विचारलं, "लहानपणचा बाप्तिस्मा व्यर्थ होता, हे कबूल करता?" सुवार्ता समोर उभी, हातात टॉवेल.

"हो," म्हणालो. ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणालो.

बाहेर आलो तशी ओल्या अंगाला बिलगली. सगळे म्हणत होते, हालेलुया. मला दादा आठवले नाहीत. आठवू दिले नाहीत.

मग पंगत. वरण-भात, बटाट्याची भाजी. माझ्या शेजारी बसली. अजून तशीच जेवते, आधी कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला लावते. मला दुसऱ्यांदा भात वाढला. माझं लक्ष जेवणात नव्हतं, तिच्या हाताकडे होतं.

हात धुताना म्हणाली, "आता मम्मीला आणा. आणि तोवर घरी ताट वेगळं घ्या हं, पप्पा."

घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. मंदा जेवली नव्हती. पिठलं, भाकरी झाकून ठेवलेली. तिनं माझे ओले केस बघितले. स्वतःचं ताट घेतलं, माझ्या ताटाला हात लावला आणि थांबली.

"माझ्याबरोबर चालतं का आता तुम्हाला?"

पोट भरलेलं होतं. बसलो. तिच्याच ताटातली भाकरी मोडली. एक खाल्ली, पूर्ण.

तिनं भांडी आवरायला घेतल्यावर सुवार्तेला फोन लावला. लपवून काय करायचं.

"मम्मीबरोबर जेवलो. आत्ताच. रोज जेवणार आहे."

तिकडे गाणी चालू होती. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"भाऊंना विचारते, पप्पा."