शोभाताईनं काढून दिलेली रजा

माय,

तुले अन् बाबाले जयभीम. मी इथं उमरखेडले बरी आहो, काळजी करू नको.

कपाशीवर फवारणी सुरू झाल्यापासून दवाखान्यात खाट रिकामी राहत नाही. फवारताना औषध अंगात गेलेले लोक येतेत, अन् आम्ही नर्सा डबल ड्युटी करून राह्यलो. मले ना भूक लागे, ना झोप. कोणी कण्हलं की कीव यायच्या ऐवजी राग ये. मले माहंच भेव वाटे.

मागच्या आठवड्यात एका पेशंटची बायको मले म्हणे, "पोरी, जेवली का तू?" तिचा नवरा बेशुद्ध, अन् ती मले इचारे! मी तिथंच ढसाढसा रडली.

आमच्या मोठ्या सिस्टर शोभाताईनं हात धरून मले बाहेर नेलं. म्हणे, "थकलेल्या हातानं सुई चुकते, दीपमाला. आधी झोप." त्यायनं डॉक्टरसोबत भांडून माही रजा काढली, अन् आता सगळ्यायची आठवड्याची सुट्टी बी पक्की केली. त्या बाईचा नवरा शुद्धीवर आला बरं.

तुहा गुडघा कसा आहे? आपला लहाना संघर्ष शाळेत जाते का?

शनिवारी येईन. बाबाले सांग, कोणाले भेटाले बोलवू नका. मले फक्त तुह्या बाजूले झोपाचं आहे.

तुही,
दीपमाला