त्रिकोणी भिंतीच्या आठ पट्ट्या

९ एप्रिल, गुरु.
ऑफिसातून थेट बाग सेवनियाला. वन्संच्या नव्या घराच्या वरच्या खोलीवर पत्रे चढले, आता त्रिकोणी भिंतीचं प्लास्टर तेवढं राहिलं. त्याआधी ती छताच्या पाइपांना लोखंडी पट्ट्यांनी बांधायची, नाहीतर आंधीत वारा भिंत बाहेर ओढतो. नकाशात मीच दाखवल्यात, आठ. अशोका गार्डनचा वेल्डर म्हणतो, सोमवारी देतो. आणि वास्तुशांत रविवारी!

१० एप्रिल
रफीकमियाँ मिस्त्रींनी विचारलं, "मॅडम, पट्टी आने तक प्लास्टर रोक दूँ?" गुरुजी ठरलेले, नागपूरची मंडळी गाडीत बसलेली. वन्सं आत फुलांचं बघत होत्या. म्हटलं, "कर दीजिए, बाद में देख लेंगे." प्लास्टरनंतर काय कपाळ बघणार? वीस वर्षं इंजिनिअर म्हणवून घेते.

१२ एप्रिल
वास्तुशांत. वन्संनी ओटी भरली, चारचौघांत म्हणाल्या, "आमच्या सुनंदानं उभं केलं हो घर." पुरणपोळी पानातच ठेवून उठले.

२० एप्रिल
पट्ट्या आल्या. पलंगाखाली सारल्या. ह्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, उरलेलं सामान. धडधडीत खोटं.

६ मे
काल दुपारी आंधी. त्या भिंतीला पत्र्यालगत हातभर चीर. वन्सं रफीकमियाँवर कडाडल्या, "सिमेंट खा गए तुम!" मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली. मी चिरेवरून बोट फिरवत राहिले, जशी काही तपासणी चाललीय. निर्लज्ज.

७ मे
जवाहर चौकात र.मि. भेटले. वन्संच्या कॉलनीतली दोन कामं हातची गेली. "आपने बताया क्यों नहीं?" मीच त्यांना विचारलं, काय अक्कल! म्हणाले, "मैं बोलता तो कौन मानता, मॅडम?" चिडले असते तर बरं वाटलं असतं.

९ मे
सकाळी वन्संचा फोन. सासूबाईंची खाट वरच्या खोलीत हलवलीय, त्याच भिंतीशी. हवा छान येते म्हणे. चीर बुजवायला दुसरा मिस्त्री सांगितलाय.
एका दमात बोलून टाकलं. पट्ट्या घातल्याच नाहीत, रफीकमियाँनी विचारलं होतं, मीच राहू दे म्हटलं. आईंना आत्ताच्या आत्ता खाली आणा.
 वन्सं म्हणाल्या, "आणते. तू इतक्यात येऊ नकोस."
र.मि.ना तीनदा फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत.