रिकामा अंक

गुरुवार, २४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझ्या भाचीचा पुढचा दात पडला, आता ती कुणाला फोटो काढू देत नाही. तुझ्या भावजयीची पाठ अधूनमधून धरते. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, शाळेत बाईंचं तरी कुठे ऐकायचीस!

पत्रास कारण की... थांब, येतो त्यावर.

छापखान्यात नवं यंत्र आलंय. भसाभस कागद गिळतं आणि वर आमच्यावरच गुरगुरतं. राजपत्राचे अंक मात्र अजून माझ्याच सहीने बाहेर पडतात. घरी मुलांना शिकवायला बसलीस की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, कायदा येतो कुठून? मुलं म्हणायची राज्यघटनेतून, विधिमंडळातून, कोर्टाच्या निकालांतून. मी आतून ओरडायचो, "आमच्या मागच्या दारातून, ओल्या शाईचा!" तू डोळे वटारायचीस. पण खोटं काय होतं? राजपत्रात छापल्याशिवाय कायदा लागू होत नाही, आणि अंकावरची तारीख हीच त्याची जन्मतारीख.

आमची एक खोड तुला कधी सांगितली नव्हती. दर आठवड्याला आम्ही एक अंक-क्रमांक रिकामा ठेवतो. एखाद्या खात्याच्या बदल्यांची यादी वेळेत आली नाही, सुट्ट्या जाहीर करायच्या राहिल्या, की ते सगळं मागच्या तारखेने त्यात बसवायचं. कुणाचं नुकसान नाही, सगळ्यांची सोय. जुन्या साहेबांनी सुरू केलं, मी चालू ठेवलं. रूढी हासुद्धा कायद्याचा एक उगम, असं तूच शिकवतेस ना? ही आमची रूढी.

परवा मंगळवारी, बावीस तारखेला, सचिवांचा सहायक स्वतः मजकूर घेऊन आला. दोन पानी अध्यादेश. घरात दहापेक्षा जास्त माणसं जमवून विनापरवाना राज्यघटना शिकवली, किंवा शिकली, तर तीन वर्षं कैद. तारखेची जागा कोरी होती.

मी विचारलं, "आजची घालू ना?"

"पाच घाला. पाचचा अंक रिकामा आहे ना तुमच्याकडे?"

"साहेब, पाच तारीख कधीच गेली."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलो," तो म्हणाला आणि हसला. "पाचला शनिवार होता. सहाला रविवार."

ताई, सहा तारीख त्याला मीच सांगितली होती.

गेल्या आठवड्यात बुधवारी तो सहज म्हणून आला होता. चहा घेतला, घरची चौकशी केली. "तुमच्या ताई अजून शिकवतात का हो घरी?" मी फुशारकीने म्हणालो, "शिकवतात म्हणजे काय! सहा तारखेला चौदा जण होते, दोघं तर जिन्यात बसून ऐकत होते." एवढा मोठा माणूस माझ्या बहिणीची विचारपूस करतोय, याचंच मला कौतुक वाटलं. मूर्ख मी.

केलं तेव्हा जो गुन्हा नव्हता, त्यासाठी पुढे कायदा करून शिक्षा देता येत नाही. घटनेतलं ते कलम तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मला पाठ आहे. त्यांनाही पाठ आहे. म्हणूनच त्यांना नवा कायदा नको होता, जुना हवा होता. आणि जुना कायदा तयार करून द्यायची सोय आख्ख्या सरकारात फक्त माझ्याकडे होती.

मी नाही म्हणालो असेन, असं तुला वाटत असेल. मी सही केली, ताई. तो समोर उभा होता आणि मला धाकटीच्या शाळेचं आठवलं, घराचं आठवलं. तुझं नाही आठवलं असं म्हणणार नाही. आठवलं, आणि तरीही केली.

आज सकाळी तुझा पत्ता विचारायला दोघं छापखान्यात येऊन गेले. पत्ता त्यांच्याकडे असणारच. मला विचारलं ते मी गप्प बसतो का ते पाहायला. उद्या सगळी रजिस्टरं वर मागवली आहेत.

म्हणून सोबत जुळणीची चिठ्ठी पाठवतोय. मजकूर यंत्रावर कधी चढला, हे तिच्यावर छापलेलं आहे : २२ ऑक्टोबर, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. खाली माझी सही. ही चिठ्ठी आजवर कुणी मागितली नाही, म्हणून ती नाहीशी करायचंही कुणाला सुचलं नाही. वकिलांना दे, उशीर करू नकोस.

तू ती दाखवणार नाहीस, मला माहीत आहे. दाखवलीस तर मी आत जाईन, म्हणून लपवशील. लहानपणी माझ्या वाटणीचा मार खायचीस तशीच. या वेळी नको. चौदा मुलांचाही प्रश्न आहे.

आणि हे पत्र कुणीतरी रचलंय असं कोर्टात कुणी म्हणू नये, म्हणून खाली घरची सही करत नाही.

आपला,
अंक-प्रमुख, राजपत्र विभाग, सरकारी छापखाना
(पाच तारखेच्या अंकावर आहे तीच सही)