सोंग घेतलेला स्पीकर

३ जानेवारी, सकाळी

संताप, संताप, संताप.

कालच्या कार्यक्रमात, पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी, साउंडवाल्याने भर सभागृहात माइकवरून विचारलं, काका, तुमच्या मागे तो भाषणाचा स्पीकर कुणी विसरलंय का? तीनशे माणसं हसली.

तो भाषणाचा स्पीकर नाही. तो माझ्या गिटारचा स्पीकर आहे. फुल-रेंज. आता गिटारचे सगळे आवाज पायाशी ठेवलेल्या प्रोसेसरच्या डब्यात तयार होतात, स्पीकरने ते फक्त जसेच्या तसे बाहेर टाकायचे. एवढं तंत्रज्ञान ज्याला कळत नाही त्याच्या हातात आख्ख्या सभागृहाचा आवाज देतात!

दादाही हसला. सख्खा मोठा भाऊ. एकोणीस वर्षं माझ्या शेजारी उभा राहून बेस गिटार वाजवतोय, आणि हसला.

(जुना लाकडी अ‍ॅम्प मी पाठीच्या दुखण्यामुळे विकला, असं ही सगळ्यांना सांगत फिरते. चूक. मी काळाच्या पुढे गेलो.)

५ जानेवारी

शांतपणे विचार केला. आवाजात काही खोट नाही. खोट रूपात आहे. गिटारवाल्याच्या मागे काळं, भारदस्त, लोखंडी कोपऱ्यांचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची मोठी पेटी, दिसली पाहिजे. लोक आधी डोळ्यांनी ऐकतात. (हे वाक्य चांगलं जमलंय. कुठेतरी वापरायचं.)

संकल्प: स्पीकरला कॅबिनेटचा वेष चढवायचा. २२ फेब्रुवारीला नाट्यगृहाचा वर्धापनदिन, आमची बारा गाणी. तोवर तयार. रोज दोन तास काम.

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, ते दोन तास वाजवलंत तर? या पिढीला मेहनत नको असते.

९ जानेवारी

दोन तास जमले नाहीत. ऑफिसात ऑडिट.

आज रविवारची प्रॅक्टिस. आमची गायिका दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे प्रॅक्टिस तिच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकांवर, किडलेल्या दाढांच्या चित्रांसमोर. डॉक्टर मॅडम एकदम म्हणाल्या, काही गाण्यांत गिटारची गर्दी होते, ते भाग कीबोर्डवर घेतले तर? मी विचारलं, म्हणजे मी काय करू? त्या म्हणाल्या, वर्धापनदिन होऊ दे, मग बसून ठरवू.

कीबोर्डवाला खाली बघून बटणं पुसत होता. म्हणजे आधीच ठरलंय! दादा तेवढा म्हणाला, गिटारशिवाय आपला बँड कसला? पण असं पुटपुटत म्हणतात का? टेबलावर मूठ आपटून म्हणायचं असतं.

आता हा फक्त स्पीकरचा प्रश्न राहिलेला नाही.

१४ जानेवारी

सुताराकडे गेलो. मी काढलेलं चित्र त्याने उलटं धरलं आणि विचारलं, खुराडं करायचंय का? मग म्हणाला, पातळ प्लाय लावू, उचलायला बरं पडेल. मी ठणकावून सांगितलं, सगळ्यात जाड. जाडीशिवाय भारदस्तपणा येत नाही. तो म्हणाला, तुमची मर्जी. त्याच्या ‘तुमची मर्जी’त जो कुत्सितपणा होता तो मी ओळखला.

२३ जानेवारी

पेटी आली. देखणी! काळं रेक्झिन मी स्वतः चिकटवलं. तीन ठिकाणी फुगे आलेत, पण ते स्टेजवरच्या दिव्यांत दिसत नाहीत.

समोर लावायला जाळीचं कापड हवं होतं. ते तीन दुकानांत मिळालं नाही. चौथ्या दुकानदाराने मला मच्छरदाणी दाखवली. त्याच्याशी भांडून घरी आलो. शेवटी सोफ्याचं उरलेलं कापड लावलं. करड्या रंगाचं, जाडजूड, हुबेहूब. ही ओरडली, ते उशांच्या अभ्र्यांसाठी ठेवलं होतं. या घरात कलेपेक्षा उशा महत्त्वाच्या.

२९ जानेवारी, दुपारी

पहिली चाचणी. आवाज मऊ, दबलेला, जुन्या रेकॉर्डसारखा. मी भारावून गेलो.

मुलगी आतल्या खोलीतून आली आणि म्हणाली, बाबा, गादीखाली कोणी अडकलंय का?

थोडं तथ्य असू शकतं. स्पीकरच्या वरच्या बाजूला एक छोटा भोंगा असतो, धारदार आवाज त्यातून येतात. नेमकी तिथेच सोफ्याच्या कापडाची दुहेरी शिवण आली आहे. कापड काढायचं? शक्य नाही, साठ खिळे मारलेत. मग मीच तोड काढली. प्रोसेसरवर ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, पूर्ण वाढवला. अगदी टोकापर्यंत. आता कापडातून गाळून आवाज बरोब्बर येतो. मोठमोठ्या कंपन्यांना जे सुचत नाही ते मला वीस मिनिटांत सुचलं.

६ फेब्रुवारी

एकटी पेटी लहान फ्रिजसारखी दिसते. खाली तेवढीच दुसरी पेटी करवून घेतली, रिकामी, नुसत्या दिखाव्याची. वरच्या पेटीला भंगारवाल्याकडचे जुन्या रेडिओचे सहा नॉब बसवले. ते कशालाच जोडलेले नाहीत. दादा बघायला आला आणि त्यातला एक फिरवून म्हणाला, हा काय करतो? मी म्हटलं, रुबाब. त्याला हसू आलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

वजन केलं. दोन्ही मिळून एक्केचाळीस किलो. विकलेला अ‍ॅम्प चोवीस किलोचा होता. पण हे वजन दोन भागांत विभागलेलं आहे, त्यामुळे तुलना चुकीची.

१३ फेब्रुवारी

प्रॅक्टिसला कॅबिनेट नेलं. तीन जिने दादाने आणि मी मिळून उतरवलं. दादाचं वय अठ्ठावन्न, पण तो खालच्या बाजूला राहिला. मी वरून सूचना दिल्या. खाली पोचल्यावर तो बराच वेळ भिंतीला टेकून उभा होता.

दवाखान्याच्या दारातून कॅबिनेट आत जाईना. दार अरुंद. डॉक्टर मॅडमना म्हटलं, तुम्ही दार चुकीचं बांधलंय. त्या म्हणाल्या, पेशंट जातात आत. शेवटी कॅबिनेट बाहेर पार्किंगमध्ये, आणि मी आत प्रोसेसर न जोडता नुसती कोरडी गिटार वाजवली. कोणाला नीट ऐकू आली नाही. कोणी तक्रारही केली नाही, हे मात्र खटकलं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच

दादाने आणि मी कॅबिनेट पुन्हा तीन जिने उतरवून आणलं. साउंडचेक झाला. तोच साउंडवाला! कॅबिनेटभोवती दोनदा गोल फिरला. मग माझ्या प्रोसेसरमधून थेट एक वायर काढून आपल्या मिक्सरला जोडली. म्हणाला, काका, सभागृहाला आवाज या वायरमधून जाणार, तुमचं ते कपाट तुम्हाला ऐकायला. कपाट!

मी एक तार छेडली. तो कान चोळत म्हणाला, काका, फार टोचतंय, ट्रेबल कमी करा. मी त्याला माझ्या कॅबिनेटसमोर उभं केलं आणि म्हटलं, इथे ऐक, कुठे टोचतंय? तो म्हणाला, इथे नाही टोचत, तिकडे टोचतंय. मी म्हटलं, मग तिकडचं तू बघ, आणि जमलं तर कान तपासून घे.

बरं, म्हणाला. जिरवली.

२३ फेब्रुवारी, सकाळी

आयुष्यातला सर्वोत्तम कार्यक्रम! पडदा उघडला आणि दिव्यांत माझं कॅबिनेट दोन मजली इमारतीसारखं उभं. आवाज मला असा काही येत होता की अंगावर काटा.

तरी राग राहिलाच. पहिल्या गाण्यात पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानांत बोटं घातली होती. साउंडवाल्याचा गलथानपणा, दुसरं काय. दुसऱ्या गाण्यापासून ठीक झालं.

खरा राग दादाचा. पहिलं गाणं संपताच बेस गळ्यात तसाच, स्टेजवरून खाली उतरला. साउंडवाल्याशी काहीतरी बोलला आणि परत आला. एवढा वेळ डॉक्टर मॅडमना प्रेक्षकांशी गप्पा माराव्या लागल्या. आणि तिथून पुढे प्रत्येक गाण्यात माझ्या सोलोमध्ये नाक खुपसलं. मी वाजवतोय आणि हा बेसच्या वरच्या पट्टीत तीच चाल वाजवतोय. मी डोळे वटारले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एकोणीस वर्षांत असा हावरेपणा केला नव्हता. सामान उचलतानाही मी त्याच्याशी बोललो नाही. तोही वाकडा होऊन चालत होता, घुश्शात असणार.

डॉक्टर मॅडम मात्र म्हणाल्या, आज बँड किती स्वच्छ वाजला! अर्थातच.

२५ फेब्रुवारी, दुपारी

मुलीने साउंडवाल्याकडून रेकॉर्डिंग मागवलं. हेडफोन लावून बसलो.

पहिल्या गाण्यात चार मिनिटं कोणीतरी पत्रा कापतंय. दुसऱ्या गाण्यापासून गिटार नाही. अकरा गाण्यांत नाही. हेडफोन बदलला. मुलीचा लावला. नाही.

साउंडवाल्याला फोन करून इतका ओरडलो की ही स्वयंपाकघरातून धावत आली. तो मला ओरडू देत होता. मग म्हणाला, काका, पाहुणे कानांवर हात ठेवून उठायला लागले होते. मी तुमची वायर बंद केली आणि तुम्हाला सांगायला येतच होतो, तेवढ्यात तुमचे दादा खाली आले. म्हणाले, बंदच ठेव, पण त्याला सांगू नकोस. त्याला त्याचा आवाज येतोय, येऊ दे. मोकळी जागा मी भरतो.

मी फोन ठेवला. ‘बरं’ म्हणालो की नाही, आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टर मॅडमचा फोन. वर्धापनदिनाला जो आवाज जमला तोच आता कायम ठेवू म्हणाल्या. तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या. मी विचारलं, दादा काय म्हणाला? त्या म्हणाल्या, त्यांनी कळवलंय की तेही यापुढे येणार नाहीत.

दादाला फोन केला. वहिनींनी उचलला. कंबरेमुळे तीन दिवस पडून आहेत, म्हणाल्या. जिन्यावरून काहीतरी जड उतरवलं म्हणे. काय ते सांगत नाहीत. भावजी, तुम्हाला काही माहीत आहे का?

माहीत आहे म्हणालो. येतो म्हणालो.

निघायच्या आधी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सहावं गाणं. माझ्या सोलोची जागा. दादाने बेसवर माझा सोलो वाजवलाय, सुरांसकट, श्वासासकट. दुसऱ्या ओळीच्या शेवटी मी जी एक खास वळणदार हरकत घेतो, तीसुद्धा. एकोणीस वर्षं ती माझी ओळख म्हणून मिरवली.

बेसवर तिसऱ्यांदा ऐकली. हरकत नाही ती. चुकतं तिथे माझं.