फ्रुमाबाईंचं उलटं बांधलेलं बाड

मी, मधुकर केशव गोंधळेकर, वय ७९, धंदा बुकबाइंडिंग (आता बंद), मूळचा पुण्याचा, सध्या मुक्काम लेकीकडे जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोकं शाबूत आहे. दबाव कोणाचा नाही. जावई "थोडक्यात लिहा" म्हणाले, ते मी मनावर घेतलेलं नाही.

१. पुण्याचा फ्लॅट आणि बँकेतली पुंजी लेक विनिता हिला. भांडायला दुसरं कोणी नाही, हे बरं.

२. जावई सचिनराव यांना माझं घड्याळ. "बाबा, मेलेल्या भाषेचे कागद ते, रिसायकलिंगमध्ये टाकू," हे त्यांचं वाक्य मी माफ केलं आहे. विसरलेलो नाही.

३. ते कागद म्हणजे इथल्या शेजारीण फ्रुमाबाईंच्या आईची एकेचाळीस पत्रं, यिडिश भाषेतली. बाई नवव्या वर्षी काकाबरोबर पोलंडहून इकडे आल्या. आई मागे राहिली. दोन वर्षं पत्रं आली, मग महायुद्ध पेटलं आणि थांबली. यिडिशचा जन्म, बाईंनीच सांगितलं, हजारेक वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदीकाठी: ज्यूंनी तिथली जर्मन बोली उचलली, तीत आपली हिब्रू कालवली, पुढे पोलंडकडे सरकताना तिकडचे शब्द घेतले. लिपी मात्र हिब्रू, उजवीकडून डावीकडे.

इथेच मी माती खाल्ली. २०१३ साली बाईंनी पत्रं बांधायला दिली आणि मी पन्नास वर्षांच्या सवयीने मराठी पुस्तकासारखी डावीकडून शिवली. बाईंनी त्यांच्या सवयीने उलट्या बाजूचा पुठ्ठा उघडला तर शेवटचं पत्र पहिलं! त्या बाड उचलून घरी गेल्या. तीन आठवडे तोंड दाखवलं नाही. मग आल्या आणि म्हणाल्या, "हे एक पत्र मी कधी वाचलंच नव्हतं, भीतीने. तू ते पुढ्यात आणून ठेवलंस." त्यात काय होतं ते सांगितलं नाही. मी शिवण उसवून बाड पुन्हा बांधलं, नीट उजवीकडून.

२०१६ साली बाई वारल्या; त्याआधी बाड माझ्या हाती दिलं: "वाचणाऱ्याला दे." अहो, न्यूयॉर्कच्या काही गल्ल्यांत पोरं आजही यिडिशमध्ये भांडतात म्हणे, पण जॉन्सनव्हिलमध्ये वाचणारा आणू कुठून? दोन वर्षं जिवाला घोर होता.

आणि आमची नात सिद्धी, जी मराठीतल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती न्यूयॉर्कच्या एका बाईंकडे वर्षभर ऑनलाइन यिडिश शिकत होती. घरात कोणाला पत्ता नाही! गेल्या महिन्यात तिने पहिलं पत्र वाचलं आणि अडखळत मराठीत सांगितलं, "'बाळा, जेवलीस का?' असं लिहिलंय, आजोबा. इंग्लिशमध्ये ते बरं वाटेना." हुश्श! मी रडलो, लपवत नाही.

४. म्हणून बाड, पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण, सुया, सगळं सिद्धीला. शेवटचं पत्र तिला वाटेल तेव्हा वाचावं, सक्ती नाही. "स्वीट ॲज, आजोबा," म्हणाली, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत "झकास".

साक्षीदार म्हणून तिचीच सही हवी होती. ज्याला मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. ती आतल्या खोलीत बसली आहे.

जॉन्सनव्हिल, २१ ऑक्टोबर २०१८
(सही) म. के. गोंधळेकर

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना ही सही झाली. सहीआधी मधुकररावांनी पेन खाली ठेवून आम्हाला थांबवलं, कारण आत सिद्धी शेवटचं पत्र वाचत होती. वाचून झाल्यावर ती दारात येऊन म्हणाली, "आजोबा, ह्यातही तेवढंच आहे. 'जेवलीस का?'" मग त्यांनी सही केली.

साक्षीदार: १. प्रमोद दिघे २. स्नेहलता कारखानीस