तर्कशास्त्राची उत्तरपूजा

प्रेम नगर, झाशी
आश्विन वद्य तृतीया

तीर्थरूप दत्तात्रेयकाकांच्या चरणी पुतणी सिंधूचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक (आईचा गुडघा सोडून). ग्वाल्हेरला काकूंचा खोकला थांबला का? तुम्ही मला घरी बसवून लिहावाचायला शिकवलंत आणि खोटं बोलू नये हेही शिकवलंत. त्या दुसऱ्या धड्याने माझा घात केला आहे.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत तर्कशास्त्राचं पुस्तक एकच. खंडेनवमीला बाबांचे गार्डाचे झेंडे, कंदील, शिट्टी पूजेत मांडली, शेजारी मी ते पुस्तक ठेवलं (कुंकू पुठ्ठ्यावरच लावलं, आतल्या पानांना मुळीच नाही). दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून सगळं उचलायचं, तोच स्टेशनातून बोलावणं आलं. बाबांनी देवासमोरून झेंडे उचलले, कंदील उचलला आणि मालगाडी घेऊन बीनाला गेले. उत्तरपूजा राहिली ती राहिलीच. कॉलेज उघडलं त्याच दिवशी पुस्तक परत करायचं होतं, आणि तारीख चुकवणं मला जमत नाही.

ग्रंथपाल मिश्राजी कुंकू बघून रागावतील म्हणून मी सगळं खरं सांगितलं, राहिलेल्या उत्तरपूजेसकट. तर त्यांनी चपला काढल्या! "अरे बिटिया, तब तो सरस्वती मैया अभी इसी में बैठी हैं!" आता पुस्तक कपाटात सर्वांत वर, समोर उदबत्ती, आणि वाचायला कुणालाच मिळत नाही. पुस्तकासाठी माझ्यानंतर नंबर होता कांचनचा (वर्गातही माझ्या मागोमाग तीच). ती कपाटाला हात जोडून मला म्हणाली, "वाह सिंधूजी, मैया को भी अपनी तरफ़ कर लिया!" काका, शपथेवर सांगते, मी मुद्दाम केलं नाही. (दोन वह्या टिपणं आधीच काढली होती, पण ती सवयीने.) सोमवारी परीक्षा. पहिली आले तर बाबा बी.ए.ला बसवणार, नाहीतर समथरच्या स्थळाला होकार कळवणार. त्या मुलाचा फोटो आला आहे. हातात पुस्तक धरलं आहे, उलटं.

आपली आज्ञाधारक,
सिंधू

ता. क. तुम्ही याज्ञिकी करता. झाशीत राहिलेली उत्तरपूजा ग्वाल्हेरहून अक्षता टाकून पुरी होते, असं मिश्राजींना हिंदीत चार ओळी लिहाल का? तुमचं ते मानतील.

ता. क. २. घाई मुळीच नाही. मंगळवारी पोचलं तर उत्तम.

ता. क. ३. मन खात होतं म्हणून एक वही कांचनला देऊन आले. दुसरी देता आली नाही. तीही पुस्तकाखाली पूजेतच होती. मला पाठ आहे, म्हणून उघडायची वेळ येत नाही.