नारनौलच्या चौकीवर दही

१० फेब्रु., मंगळवार. फरीदाबाद

सायलीची सायकल हॉलमध्ये उभी. तिच्यावर तीन पिशव्या, आत काय आहे याची यादी फ्रिजवर. उद्या सकाळी सहाला सोहन्याजवळून सुटायचं, पाच दिवसांची सायकल शर्यत, सहाशे दहा किलोमीटर, त्यात डांबर अगदी थोडं. अरवलीची खडी, अलवरकडचे डोंगर, शेखावाटीची वाळू, नारनौल, परत सोहना. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत पोचलं तरच नाव शर्यत पूर्ण केलेल्यांच्या यादीत.

गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी वाळूत हरली. आयोजकांच्या जीपमध्ये सायकल टाकून घरी आली. आठवडाभर जेवताना तो विषय कोणी काढला नाही. एकतीस वर्षांची मुलगी, गुरुग्रामच्या ऑफिसात बारा लोक हिच्या हाताखाली, आणि खोलीचं दार लावून रडत होती.

नियम ७ मला दोनदा वाचून दाखवला. ओळखीच्या माणसाकडून काही घ्यायचं नाही. पाणी नाही, खाणं नाही, धक्का नाही. दुकानातून विकत घेतलेलं चालतं.
"आणि आईबाप?"
"टाळ्या वाजवू शकतात."
"बाबांना टाळ्या वाजवता येत नाहीत. चुकीच्या जागी वाजवतात."
प्रमोद पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "मी ऐकतोय हं."

११ फेब्रु., बुधवार

सहा वाजता सुटले. चौतीस जण, त्यात पाच बायका. निघताना घरी हातावर दही दिलं, ते शर्यतीच्या आधीचं, म्हणजे चालतं. "आई, येते."

घरी येऊन मोबाइलवर नकाशा उघडला. प्रत्येकाचा एक ठिपका, सायलीचा नारिंगी. बत्तीस वर्षं बातमीपत्राच्या टेबलावर काढली, निवडणुकांचे निकाल पाहिले, पण इतकी चिकटून कुठल्याच स्क्रीनला बसले नव्हते. दुपारी फिरोजपूर झिरका. अंधार पडायच्या आत अलवर. प्र.ला दोनदा चहा विचारला, दोन्ही वेळा करायचा विसरले.

१२ फेब्रु., गुरुवार

सकाळी फोन. दगडाच्या खाणींमधून वाट, ट्रकचा पांढरा धुरळा. "आई, माझ्या दातांत अर्धं राजस्थान आहे." मग एकदम मोहरीची शेतं, पिवळंच पिवळं, त्यातून एक बांध आणि बांधावरून ही. फोटो पाठवला. हँडल, मोहरी, आभाळ. स्वतः नाही.

प्र.ने फोटो त्याच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मी म्हटलं, अजून पोचली नाहीये, थांब जरा. म्हणतो, "तुझं सगळं कन्फर्म झाल्यावरच. मी बाप आहे, संपादक नाही."

१३ फेब्रु., शुक्रवार

वाळूचा दिवस. ठिपका साडेअकराला थांबला. बारा. साडेबारा. गेल्या वर्षी इथेच, साधारण—

पावणेएकला हलला. संध्याकाळी कळलं, एका शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसून बिस्किटं खाल्ली, बुटातली वाळू काढली आणि सात किलोमीटर सायकल ढकलत नेली. "एक उंट माझ्याबरोबर चालत होता. माझ्यापेक्षा फास्ट. हसत होता यार तो."
मी विचारलं, जीप दिसली का कुठली?
"दिसली. बघितलंच नाही तिकडे."

१४ फेब्रु., शनिवार

झुंझुनू मागे पडलं. गुडघा दुखतोय म्हणाली, पण ठीक. उद्या सकाळी सातच्या सुमारास नारनौलची चौकी, जिथे प्रत्येकाची वेळ लिहून घेतात, तिथून शेवटचे एकशे दहा किमी. प्र. म्हणाला, चल, जाऊ बघायला. टाळ्या तर चालतात. डबा भरला, आमच्या दोघांसाठी: पोळ्या, बटाट्याची भाजी, दही. साखरेची डबी.

१५ फेब्रु., रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

७.१५ ला आली. काळवंडलेली, ओठ फुटलेले, खूप सुंदर. आम्ही दोरीच्या अलीकडे उभे. प्र.ने टाळ्या वाजवल्या, या वेळी बरोबर जागी. तिने ढाब्यावरून पराठा विकत घेतला, पाणी विकत घेतलं. मी पाठीवर हातसुद्धा फिरवला नाही.

७.४० ला टांग टाकली. "आई, येते." आणि तळहात पुढे केला. शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक इंटरव्ह्यूला करते तसा. मी डबा उघडला, चमचाभर दही, वर साखर. तिने चाटलं आणि गेली. दोघींच्याही मनात काही आलं नाही.

प्र. माझ्याकडे बघत राहिला. "अगं, हे काय केलंस?"



कोणी पाहिलं नव्हतं. चौकीच्या टेबलाशी नोंदी घेणारी चष्मेवाली बाई रजिस्टरात डोकं घालून होती. प्र. म्हणाला, "सोड. चमचाभर दह्याने कोणी सायकल चालवत नाही." खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणत होते.

साडेआठला त्याच वाटेवर धूळ दिसली. उलट्या दिशेने येणारी. सायली.

आमच्याकडे न बघता टेबलाशी गेली. "मैडम, मैंने बाहर से खाना लिया है. मेरी मम्मी से. एक चम्मच दही."
बाई हसली. "दही? अरे जाओ बेटा, टाइम खराब मत करो."
"नहीं, आप लिख लीजिए. टाइम भी."
बाईने लिहिलं. म्हणाली, दंड दोन तासांचा असतो, बाकी आयोजक ठरवतील.

जाताना आमच्यापाशी क्षणभर थांबली. "रडू नकोस. हात मी पुढे केला होता." ८.४० ला निघाली. एक तास गेला होता.

सोहन्याला आम्ही तिच्या आधी पोचलो. ५.४१ ला कमानीखालून आली. एकोणीस मिनिटं राखून. त्यात दोन तास मिळवले की गणित कोणालाही येतं. तिलाही येत होतं, ते एकशे दहा किलोमीटर चालवताना सगळा वेळ येत होतं.

बत्तीस वर्षांत मी कुठल्याच बातमीत 'अभिमान' शब्द स्वतःहून घातला नाही. इथे घालते. अभिमान वाटला, फार.

१६ फेब्रु., सोमवार

आयोजकांची मेल. दही देणाऱ्या व्यक्तीचं निवेदन हवं, दुपारी बारापर्यंत. डेडलाइन! अकराला बसले. पहिल्या मसुद्यात होतं, 'फक्त एक चमचा'. 'फक्त' खोडला. 'अनवधानाने' लिहिलं, तेही खोडलं, ते आयोजकांनी ठरवावं. काय दिलं, किती, किती वाजता, ती परत किती वाजता आली. नऊ ओळी. ११.४० ला पाठवलं.

प्र.ने वाचलं. "आई असल्यासारखं एक तरी वाक्य घालायचं होतंस."
सायली सोफ्यावर पाय वर करून पडली होती, गुडघ्यावर बर्फ. म्हणाली, "नाही बाबा. बिल्कुल बरोबर आहे."

१७ फेब्रु., मंगळवार

यादी आज संध्याकाळी सहाला लागणार. प्र. चार वाजल्यापासून मोबाइल घेऊन बाल्कनीत फेऱ्या मारतोय. सायली ऑफिसात, सकाळी लंगडत गेली. काल निवेदनाच्या घाईत दही लावायचं राहिलं. दाराशी हात पुढे केला आणि आम्ही दोघी एकदम हसलो, डब्यात दहीच नव्हतं, नारनौलला संपलं.

सायकल अजून हॉलमध्ये आहे. चाकांना तीन रंगांची माती, लाल, पांढरी, पिवळसर. पुसू नका म्हणाली आहे.

पावणेसहा. दूध कोमट करून विरजण लावलंय. यादीत नाव असो नसो, उद्या साडेआठला ती निघणार आणि हात पुढे करणार.